मावशी जेवल्या का?

“मावशी, जेवलात का?”

दार उघडताच कौस्तुभने विचारलं आणि उत्तराची वाट न बघता बूट काढायला वाकला.

“नाही रे अजून.”

“मग चला लवकर. तुम्हाला उपाशी ठेवण्याचं पाप मला नको.”

हा त्याचा नेहमीचा विनोद. त्याचा एकट्याचा नव्हे, ब्लूमिंग्टनमधल्या सगळ्याच मराठी मुलांचा. माझा एक नेम होता. मुळात तो माझ्या आईचा, तिच्यामागे मी उचललेला. आपल्या हातचं जेवून कुणीतरी ‘पुरे’ म्हटल्याशिवाय आपण पानावर बसायचं नाही. घरचं माणूस त्यात धरायचं नाही; घरच्याला वाढणं हा संसार झाला, तो नेम नव्हे. वाईला आईला हे जड गेलं नाही. घाटावर कुणी ना कुणी वाटसरू असायचाच, नाहीतर शेजारची एखादी म्हातारी. इलिनॉयमध्ये दाराशी कोण येणार? यजमान होते तोवर ते ऑफिसातून कुणाला तरी धरून आणायचे. ते गेल्यावर मुलं आपणहून येऊ लागली. इथल्या विमा कंपन्यांत कामाला आलेली, भाड्याच्या खोल्यांत राहणारी, आमटीच्या वासाला पारखी झालेली. एकाची बदली झाली की तो दुसऱ्याला माझा पत्ता देऊन जायचा. संध्याकाळी एकमेकांना फोन करायची, “अरे, मावशी जेवल्या का?” कुणी गेलेलं नसेल तर कुणीतरी निघायचं. बर्फ पडत असला तरी. मी त्यांना जेवू घालते असं कुणी म्हणत नसे. ते मला जेवायला लावत. आणि खरं सांगते, मलाही ते तसंच वाटायचं.

त्या सगळ्यांत कौस्तुभ बिवलकर जुना. पहिल्या थंडीत तापाने फणफणून माझ्या कोचावर आठवडाभर पडला होता, मेतकूट-भातावर. आता त्याची स्वतःची कंपनी होती, तळ्याकाठी घर होतं, मृण्मयीसारखी शिकलेली बायको होती. तरी गुरुवारी संध्याकाळी यायचाच. “मृण्मयीच्या पोळ्या म्हणजे कंपनीचं धोरण आहे मावशी, वाकतच नाहीत,” म्हणायचा.

तो हात धुऊन बसला. मी पान वाढलं. टेबलाच्या कडेला तपकिरी फोल्डर ठेवलं होतं, त्याच्याकडे त्याचं लक्ष गेलं.

“हेच ना ते? काढा की.”

“आधी जेव. जेवताना कागद नको.”

“मावशी, देवाचं आणि सरकारचं काम जेवणाआधी उरकावं,” असं म्हणून त्याने डाव्या हाताने फोल्डर ओढलंच.

ते कागद कशाचे होते ते सांगायला हवं. त्याआधी दोन वर्षं मी दुसरं लग्न केलं होतं. वैधव्यात बारा वर्षं काढल्यावर, केस पांढरे झाल्यावर. माझ्या बहिणीने वाईला जुळवून आणलं. हे पुरुषोत्तम वाकणकर, शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झालेले, विधुर. पहिल्या भेटीत बहिणीच्या घरी मी त्यांना वाढायला गेले, तर दुसऱ्याच वाढपाला हात आडवा करून ‘पुरे’ म्हणाले. इतक्या हळू म्हणाले की मलाच ऐकू आलं. मी मनाशी म्हटलं, या माणसाला मागता येत नाही. तिथेच माझं ठरलं.

महाराष्ट्र मंडळात तोंडावर कुणी काही बोललं नाही. फक्त परत आल्यावरच्या पहिल्या हळदीकुंकवाला मला कुंकू लावताना मृण्मयीचा हात जरासा थांबला होता. मागून कुणीतरी म्हणालं, “एवढे नेमधर्म करणारी बाई, आणि या वयात!” मी वाणाची वाटी उचलून पदराखाली धरली.

मी अमेरिकेची नागरिक. बायकोने नवऱ्याला बोलावण्यात अडचण नसते. पण आलेला माणूस सरकारवर भार होणार नाही असं शपथेवर लिहून द्यावं लागतं, आणि लिहून देणाऱ्याची तेवढी कमाई असावी लागते. मी शाळेच्या किचनमध्ये मुलांचे ट्रे भरायचे, तेही शाळा चालू असेल तेवढेच महिने. तेवढ्यात ते बसेना. मुंबईला व्हिसाच्या मुलाखतीत ह्यांना एक चिठ्ठी दिली, की पत्नीच्या जोडीला आणखी कुणीतरी जामीन राहिला पाहिजे, कायमचा राहणारा आणि कमावता. नाहीतर काम इथेच थांबेल. हे एसटीने वाईला परत आले. जायचंच म्हणून राहता वाटा पुतण्याच्या नावावर करून बसले होते. आता पुतण्या-सूनबाईंच्या झालेल्या त्याच घराच्या पुढच्या खोलीत भरलेल्या बॅगेशेजारी झोपत होते.

कुणाला विचारू, या विचारात मी असताना दिवाळीच्या फराळाला सगळ्यांसमोर कौस्तुभच म्हणाला होता, “मावशी, सही मी करतो. तुमचं मीठ खाल्लंय.” त्या रात्री मी देवापुढे दोन निरांजनं जास्त लावली.

तर आता तो एका हाताने भात कालवत होता आणि दुसऱ्याने पानं उलटत होता.

“मावशी, हे वाचलंत का? घटस्फोट झाला तरी हे सुटत नाही म्हणे.”

“आम्ही कशाला घटस्फोट घेऊ रे?”

“तसं नाही हो. वकील लोक काय काय लिहून ठेवतात बघा. तो माणूस नागरिक झाला, किंवा दहाएक वर्षं कामधंदा केला, किंवा देश सोडून कायमचा गेला, किंवा मेला, तर सुटतं. म्हणजे लग्नापेक्षा घट्ट!” तो हसला. मग आमटी मागितली. मी वाढली. “आणि ते आले की आमच्या पानाचं काय?”

“एक पान वाढेल. कुणाचं कमी नाही होणार.”

“तेव्हा तुम्ही आम्हाला ओळखसुद्धा दाखवणार नाही. दोघं मिळून दासबोध वाचत बसाल.”

“ते दासबोध वाचत नाहीत. चित्रं काढतात.”

“बघा, आत्ताच बाजू घ्यायला लागलात,” तो म्हणाला. मग पानावर हात आडवा धरला, “पुरे.” फोल्डर बगलेत मारून निघाला. टॅक्सचे कागद जोडून रविवारी आणतो म्हणाला.

तो गेल्यावर मी जेवायला बसले. भूक चांगली लागली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी पूजा आटोपून, विष्णुसहस्रनाम म्हणून फोन लावला. वाईला तेव्हा संध्याकाळ असते. आम्ही एकमेकांना अजून अहोजाहो करायचो.

“कौस्तुभ कागद घेऊन गेला,” मी म्हटलं.

“म्हणजे झालंच म्हणायचं.” मग जरा थांबून, “बॅग आता घरातलं माणूस झालीय. परवा सूनबाईंनी तिच्यावर पापड वाळत घातले.”

“आणि तुम्ही काही बोलला नाहीत?”

“काय बोलणार? उन्हात तीच होती.”

मी हसले. हेही हसले. पलीकडे भांड्याचा आवाज झाला, कुणीतरी म्हणालं, “काका, फोन झाला की दिवा बंद करा हो, बिल येतं.”

“जेवण वेळेवर होतं ना तुमचं?”

“हो हो. उत्तम होतं.” लगेच म्हणाले, “मी काय म्हणतो, रंग बरोबर घेऊ का? तिकडे मिळतात?”

“मिळतात. पण तुमचे घ्या. हाताला सवय असते.”

रविवारी मी वालाचं बिरडं केलं. कौस्तुभला आवडतं म्हणून आदल्या दिवशीच वाल भिजवून सोलून ठेवले होते. तो मृण्मयीला घेऊन आला आणि बरोबर ढोबळेही होता. ढोबळे बारामतीकडचा, अंगाने आणि मनानेही मोकळा. व्हिसावर आलेला, त्यामुळे तो जामीन राहू शकत नव्हता. “मावशी, मीच इथं पाव्हणा. पाव्हण्यानं पाव्हण्याला कसं बोलवायचं?” असं त्याने मला आधीच सांगून टाकलं होतं.

तिघं जेवले. मृण्मयीने अर्धीच पोळी घेतली. ढोबळेने बिरड्याचं पातेलं पुसून घेतलं आणि ‘पुरे’ म्हटलं. मी आपलं पान घ्यायला उठले तेव्हा कौस्तुभ म्हणाला, “मावशी, दोन मिनिटं बसा. मग जेवा.”

मी बसले.

“सहीचं जरा अवघड दिसतंय.”

“बरं.”

“म्हणजे मला काही नाही हो. पण कंपनी माझ्या नावावर आहे, घराचं कर्ज आहे. उद्या ह्या मॅडमनी...” त्याने मृण्मयीकडे पाहिलं.

“मी काही म्हटलेलं नाही,” मृण्मयी म्हणाली. “मी फक्त विचारलं की आपण त्यांना कितीसं ओळखतो. मावशी, राग मानू नका, पण तुम्ही तरी कितीसं ओळखता?”

मला पटकन बोलता येत नाही.

“पण उपाय काढलाय,” कौस्तुभ पुढे सरकला. तेच फोल्डर त्याने टेबलावर ठेवलं. आता ते जाड झालं होतं. “जामीन लागतो का? तर तुमची कमाई कमी पडते म्हणून. ती वाढली तर कुणाच्या सहीची गरजच नाही. आता तुम्ही रोज स्वयंपाक करता. रोज लोक जेवतात. अमेरिकेत याला काय म्हणतात? धंदा. तुमची घरगुती मेस आहे मावशी! फक्त तुम्ही ती दाखवली नव्हती. मागचा टॅक्स दुरुस्त करून भरायचा. कराचे पैसे मी देतो, तेवढं माझ्याकडे लागलं. आणि हे बघा, आम्ही सगळ्यांनी लिहून दिलंय.”

त्याने कागद पसरले. एकेका मुलाची चिठ्ठी, सही, तारीख. ‘मी गेली चार वर्षे यांच्याकडे नियमित जेवतो व दर ताटास आठ डॉलर देतो.’ ‘जेवण स्वच्छ व दर वाजवी आहे.’ ढोबळेने तर बारा डॉलर लिहिले होते.

“बारा का रे?” मी विचारलं.

“मी खातोय तेवढं,” ढोबळे म्हणाला, आणि सगळे हसले. मलाही हसू आलं.

“एवढ्या सगळ्यांनी लिहिलं? शुक्रवार-शनिवारात?”

“तासाभरात! ग्रुपवर टाकलं आणि धडाधड आली. मावशींसाठी म्हटल्यावर कोण नाही म्हणेल?”

मी चिठ्ठ्या एकावर एक नीट रचल्या. आईची आठवण झाली. एकदा एका गृहस्थाने जेवून उठताना पानाखाली रुपया ठेवला होता, तर आईने मागे धावत जाऊन तो परत दिला आणि त्या दिवशी दुसऱ्या कुणाला तरी बोलावून पुन्हा वाढलं. पहिलं पान धरलं नाही. विकलेलं अन्न नेमाला चालत नाही.

“कौस्तुभ, हे शपथेवर आहे ना?”

“त्यात काय मावशी? कुणाचं नुकसान नाही.”

“मला खोटी शपथ घेता येणार नाही.”

“मग कसं करायचं?” तो जरा चिडलाच. “आम्ही एवढं करतोय...”

मी उठले. देवघरातून तांब्या, पळी आणि ताम्हन घेऊन आले. टेबलाशीच उभं राहून उजव्या तळहातावर पाणी घेतलं आणि ताम्हनात सोडलं.

“हे काय?” मृण्मयीने विचारलं.

“नेम सोडला,” मी म्हटलं. “तुम्ही लिहिलंय ना, दर ताटाला पैसे देता म्हणून? उद्यापासून द्या. आठ डॉलर. ढोबळे, तूसुद्धा आठच दे. मी पावती देईन, कर भरीन. वर्षभर असं चाललं की कमाई खरी होईल. मग मला तुमची चिठ्ठी लागणार नाही आणि सहीही नको. ह्यांना एक वर्ष थांबायला सांगते.”

कौस्तुभ म्हणाला, “वा! म्हणजे मावशी बिझनेसवूमन झाल्या!” त्याने टाळी वाजवली. ढोबळेनेही वाजवली. निघताना मृण्मयी म्हणाली, “हेच बरं. हिशेब सरळ असलेला बरा.” आणि त्या दिवशीच्या जेवणाचं कुणी काही काढलं नाही. उद्यापासून, असं मीच म्हटलं होतं.

ते गेल्यावर मी पान वाढून घेतलं. ढोबळे शेवटचं ‘पुरे’ म्हणाला होता, त्यामुळे त्या दिवशीचं जेवण नेमाचंच होतं. पुण्य सोडलं याचं दुःख मला झालं नाही असं नाही. पण एक समाधान होतं. वाटलं, इतकी वर्षं या मुलांच्या पोटात जे गेलं, ते आता ह्यांना घेऊन येईल.

सोमवारी मी शाळेतून येताना जास्तीची कणीक आणि डाळ आणली. पावतीपुस्तक आणलं. संध्याकाळी सहा पानं घेतली. दारातला दिवा लावला. आमटी दोनदा गरम केली. कुणी आलं नाही. सोमवार आहे, कामं असतील, म्हटलं. नेम तर मी सोडला होता, तेव्हा मला जेवायला हरकत नव्हती. पण हात पुढे होईना. इतक्या वर्षांची सवय. दूध घेऊन झोपले.

मंगळवारी ढोबळेचा फोन आला.

“मावशी, जेवलात का?”

“नाही रे. येतोयस?”

“आज नाही जमत. ऑफिसात सगळ्यांनी ठरवलंय, शेजारी ते थाई उघडलंय ना, तिकडेच...” मग तो मोठ्याने हसला, आणि एकदम थांबून म्हणाला, “मावशी, खरं सांगू का? पैसं द्यायचं म्हटलं की मग माणूस चव बघतो हो. तुमच्याकडं आम्ही कधी चव बघितली नाय.”

“म्हणजे चव नव्हती का रे?”

“तसं नव्हं! तसं नव्हं मावशी! आता कसं सांगू...” त्याला ते सांगता आलं नाही. भला मुलगा होता. नंतर तो टेक्सासला गेला.

बुधवारीही कुणी नाही. नियमित जेवतो आणि नियमित पैसे देतो असं ज्यांनी सही करून लिहून दिलं होतं, त्यांतला एकही त्या आठवड्यात माझ्या पायऱ्या चढला नाही. गुरुवारी मला वाटलं कौस्तुभ तरी येईल. तो आला नाही. कागदावर सही करू शकतील अशा आणखी दोन घरांना मी लाज गुंडाळून फोन केला. दोन्हीकडून एकच उत्तर आलं, “कौस्तुभला विचारा ना, तो तुमचा जवळचा.”

उरलेलं अन्न मी शाळेत नेऊन बरोबरच्या बायकांना दिलं. त्यांनी आवडीने खाल्लं. पण त्यांना ‘पुरे’ म्हणता येत नव्हतं, आणि नेम तर सुटलाच होता. मी दूध, केळी, शेंगदाणे यांवर होते. अंगात कणकण वाटायला लागली होती.

रविवारी सकाळी ह्यांना फोन लावला. काय झालं ते सगळं सांगितलं. वर्षभर तरी थांबावं लागेल असं म्हटलं. हे ऐकत राहिले. मागून रहदारीचा आवाज येत होता. मोटारसायकल गेली, कुणीतरी “मालक, दोन पोळ्या इकडे!” म्हणून ओरडलं.

“तुम्ही कुठे आहात?”

“बाहेर आलो होतो जरा.”

“कुठे बाहेर?”

“स्टँडजवळ. इथे एक खानावळ आहे. बरी आहे.”

“घरी आज स्वयंपाक नाही का?”

ह्यांच्याऐवजी मालकाचाच आवाज आला, कुणाला तरी हिशेब सांगणारा. मी पुन्हा विचारलं, “केव्हापासून?”

“दिवाळीपासून. तुम्ही मनाला लावून घेऊ नका. सूनबाईंचंही बरोबर आहे, त्यांना काय माहीत मी एवढे दिवस राहीन. जाणारा माणूस म्हणून त्यांनी महिनाभर केलं सगळं.” मग नेहमीच्या हळू आवाजात म्हणाले, “इथला मालक चांगला आहे. पहिल्या दिवशी मी पुरे म्हटलं तरी त्याने आणखी एक वाढली. तुमची आठवण झाली.”

फोन ठेवला आणि मी ओट्याशी जाऊन उभी राहिले. दिवाळीपासून. म्हणजे ज्या दिवसांत माझ्या घरात चकल्यांचे डबे रिकामे होत होते आणि कौस्तुभ मिठाला जागायच्या गोष्टी करत होता, त्या दिवसांपासून माझा नवरा स्टँडवर पैसे मोजून जेवत होता. नाशिकचा, सोलापूरचा, चिपळूणचा, जिकडचा तिकडचा मुलगा माझ्या हातचं खाऊन गेला होता. ज्याच्या नावाचं मंगळसूत्र घातलं होतं, तो तेवढा राहिला होता.

मी वरण-भात टाकला. पोळ्या केल्या. बटाट्याची भाजी केली. देवाला नैवेद्य दाखवला. दार उघडून बाहेर पाहिलं नाही, दारातला दिवा लावला नाही. एकच पान घेतलं, वाढलं, आणि आजवर कधी केलं नव्हतं ते केलं. कुणाच्याही आधी जेवले. पोटभर जेवले. पहिला घास तोंडात गेला तेव्हा वाटलं होतं घशात अडकेल. अडकला नाही. गोड लागला. त्याचंच मला आजही वाईट वाटतं.

पुढचं सांगून टाकते. दुसऱ्याच आठवड्यात मी एका हॉस्पिटलच्या धुलाईघरात संध्याकाळची नोकरी धरली. चादरी, गाऊन, उशांचे अभ्रे. शाळेतून तिकडे आणि तिकडून घरी. कमाई पुरेशी व्हायला आणि कागद पुन्हा फिरायला दीड वर्ष गेलं. मग हे आले. रंगांची पेटी आणली नव्हती. “पुतण्याच्या मुलीला दिली,” म्हणाले, “हात थरथरतो हल्ली.” केव्हापासून, ते मी विचारलं नाही. चांगली सात वर्षं मिळाली आम्हाला. मी वाढायचे, हे लगेच पुरे म्हणायचे, मी आणखी वाढायचे. तो संसार होता. नेम नव्हता.

पण मी त्या रविवारचं सांगत होते. माझं जेवून झालं होतं, पान उचलून ओटा पुसत होते, तेवढ्यात बेल वाजली. कौस्तुभ होता. एकटाच. डोक्यावर बर्फाचे कण, हातात काही नाही.

“मावशी, रागावलात ना? गुरुवारी आलो नाही.” तो आत येऊन उंबऱ्यातल्या पायपुसण्यावर उभा राहिला. “सगळे म्हणतात, मावशींकडे पैसे देऊन जेवायला कसंतरीच वाटतं. आपल्या घरात कुणी पैसे देतं का?”

“लिहून तर दिलं होतं.”

“ते कागदावर हो.” त्याने नाक ओढून वास घेतला. “वरण केलंय ना, हिंगाचं? बाहेरपर्यंत येतोय.” मग त्याचा आवाज बदलला. लहान मुलासारखा झाला, कोचावर तापाने पडला होता तेव्हाचा. “मावशी, खरं सांगू? मृण्मयीवर ढकललं मी. ती सही करू नको म्हणाली नव्हती. मलाच नको वाटत होतं. सहीचं मला काय, अशा दहा सह्या करतो मी. पण ते आले की हे घर वेगळं होणार ना. मला वाटायचं, तुम्ही अशाच बऱ्या होतात. एकट्या. आमच्या.”

तो हे अगदी प्रेमाने बोलला. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. मी त्याच्याकडे पाहत राहिले. मला जोरात बोलता येत नाही, तेव्हाही आलं नाही.

“जाऊ दे,” तो डोळे पुसून हसला आणि नेहमीसारखा बूट काढायला वाकला. “आठवडाभर कुणी आलं नाही म्हणजे तुम्ही उपाशीच असणार. म्हणून तर धावत आलो. चला, तुम्हाला जेवायला लावतो.”

“मी जेवले आहे,” मी म्हटलं.

“अं?”

“जेवले मी.”

तो वाकलेलाच राहिला. स्वयंपाकघरात उपडं घातलेलं एकच ताट त्याला तिथून दिसत होतं. त्याने ते पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. मी दार उघडं धरलं होतं, थंडी आत येत होती.

एक बूट त्याने काढला होता. तो त्याने परत घातला.